आवाज हरपलेली मोटार

सकाळच्या वेळी पामबीच मार्गावर, एका हाताला खाडीकडची खारफुटी आणि दुसऱ्या हाताला उंच इमारतींची रांग ठेवून वाशीहून बेलापूरकडे जाणाऱ्या किमती मोटारींकडे जरा निरखून पाहिले, तर त्यांतल्या काहींची नंबरपाटी हिरवी आणि तिच्यावरील अक्षरे पांढरी असल्याचे ध्यानात येते. आणि त्यांतली एखादी अगदी जवळून निघून गेली तरी टायरांच्या सरसरीपलीकडे कानांस काही पोहोचत नाही. हिरवी पाटी ही विजेवर चालणाऱ्या खासगी वाहनाची सरकारमान्य खूण. अशा गाडीच्याच शेजारून पेट्रोलचे एंजिन आणि विजेची मोटर दोन्ही बाळगणारी हायब्रिड सेडान जाते, तिची पाटी मात्र पांढरीच. ऐषारामी सेडानच्या या स्थित्यंतराविषयी मालकवर्गात जी उत्सुकता, जी अस्वस्थता आणि प्रसंगी जी नाराजी दिसते, तिचे मूळ विजेच्या भीतीत आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. मला ते तितकेसे पटत नाही.

अशा मोटारीचा मालक पूर्वी मुख्यतः शांततेचे मोल मोजत असे. १९९५ साली टेल्कोच्या भागीदारीतून पुण्याजवळ मर्सिडीजची ई-क्लास तयार होऊ लागली, तेव्हा कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीच्या खडखडाटाला सरावलेल्या माणसास तिचे अपूर्व वाटावे ते हेच की, एंजिन चालू असूनही त्याचा सुगावा लागू नये. ही शांतता साधण्यासाठी कारखानदारांनी अधिक सिलिंडर घातले, कंप गिळणारे रबरी आधार बसविले, काचा दुहेरी केल्या आणि या एका गुणापायी पिढ्यान्‌पिढ्या द्रव्य ओतले. विजेच्या मोटरीत इंधनाचा स्फोट नाही, दट्ट्यांची वरखाली धावपळ नाही; केवळ एक गाभा चुंबकीय बळाने फिरत असतो. त्यामुळे दहा-बारा लाखांची विजेची गाडी जागेवरून जितक्या निःशब्दपणे सुटते, तितक्याच निःशब्दपणे दीड कोटीची सुटते. ज्या गुणासाठी आपण मोठी रक्कम मोजत होतो, तो गुण शेजाऱ्याच्या लहान गाडीतही आयता आला, हे उमगल्यावर मालकाची नजर साहजिकच उरलेल्या दोन गोष्टींकडे वळते: गाडीचा चेहरा आणि मागची बैठक.

मर्सिडीजच्या ईक्यूएसची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. चाकणच्या कारखान्यात जोडलेली ईक्यूएस ५८० सप्टेंबर २०२२च्या अखेरीस १ कोटी ५५ लाख रुपयांस विक्रीस आली, आणि एका भारणात ८५७ किलोमीटर हा तिचा प्रमाणित पल्ला मोठ्या कौतुकाने सांगण्यात आला. हवेचा विरोध कमीत कमी व्हावा म्हणून तिचे अंग नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत घडविले होते. नाकावरचा उभा तारा गेला, बॉनेट आखूड झाले, छप्पर मागे उतरत गेले. एस-क्लासच्या मालकांना नेमके हेच खटकले. विजेबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. आपल्या घरची गाडी ओळखू येईनाशी झाली, ही त्यांची हरकत होती. ती कारखान्यापर्यंत पोहोचली असावी, कारण २०२४च्या एप्रिलमध्ये कंपनीने युरोपात ईक्यूएसच्या नाकावर तोच उभा तारा परत आणला आणि मागच्या आसनाची सोयही वाढविली. बीएमडब्ल्यूने मात्र प्रारंभापासूनच निराळी वाट धरून पेट्रोलची सेव्हन सिरीज आणि विजेची आय-७ एकाच अंगाची ठेवली.

लेक्सस ईएसही आता त्याच वाटेने निघाली आहे. १९८९ साली जन्मलेली ही सेडान २०१७ मध्ये भारतात आली तीच हायब्रिड रूपात, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये शांघाय येथे तिची नवी पिढी प्रकट झाली तेव्हा एकाच सांगाड्यात हायब्रिड व पूर्ण विजेची अशी दोन्ही रूपे मांडली गेली. सहा सिलिंडरांचे जुने एंजिन गेल्याची हळहळ अमेरिकेतील मालकांना वाटते. ते एंजिन आपल्याकडे कधी आलेच नसल्याने येथे त्या दुःखाला जागा नाही. परंतु फरशीखाली बॅटरीचा थर सामावण्याची तजवीज करताना गाडी दहा सेंटिमीटरांहून अधिक उंच झाली, आणि सेडानचा ठेंगणा डौल ज्यांना प्रिय त्यांच्या डोळ्यांना हा फरक जाणवल्याखेरीज राहत नाही. वाकावे न लागता आत बसता येते म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना मात्र तीच उंची सुखाची वाटेल.

सरकारी दप्तरी या दोन सख्ख्या बहिणींना मिळणारी वागणूक अगदी भिन्न आहे. सप्टेंबर २०२५पासून मोठ्या हायब्रिडवर वस्तू व सेवा कर ४० टक्के, विजेच्या गाडीवर अवघा ५ टक्के. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचविण्यात आला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. ऑगस्टपासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकरही माफ झाला. एका फेरीस अडीचशे रुपये मोजणाऱ्या नवी मुंबईकरास ही सवलत लहान नव्हे. हायब्रिडला यांतले काही लाभत नाही, आणि इंधन वाचविणाऱ्या यंत्राशी हे वागणे मला न्याय्य वाटत नाही.

तरीही यंत्राची मर्यादा यंत्राचीच. खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे साडेपाचशे मीटर उतरताना अडीच टनांची विजेची सेडान, गणित मांडले तर, पावणेचार युनिट ऊर्जा मोकळी करते, आणि तिचा बराच भाग ब्रेकवाटे बॅटरीत परत साठविता येतो. हायब्रिडची बॅटरी एक-दीड युनिटांची. ती घाटाच्या अर्ध्यावरच भरते, आणि पुढे उतरणीवर गाडी आवरण्याचे काम एंजिनाकडे व ब्रेकांकडे जाते. बैलगाडीपासून मोटारीपर्यंत ज्या घाटाने वाहनांचा दम काढला, तोच आता उतरताना त्यांना परतफेड करतो, हे पाहून मला अतिशय आनंद होतो.

खरा पेच घाटात नसून सोसायटीच्या तळघरात आहे. १०८ युनिटांची बॅटरी घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर भरावयाची तर छत्तीस तास लागतात, हा आकडा ऐकून अनेकजण पाऊल मागे घेतात. वास्तविक वाशीहून फोर्टला जाऊन परत येण्यात बारा-तेरा युनिटे खर्ची पडतात, आणि ती रात्री चार तासांत भरून निघतात. घरच्याच वीजजोडणीवर गाडी भारण्याची मुभा केंद्र सरकारच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेली आहे. परंतु दहाव्या मजल्यावरचा मीटर आणि दुसऱ्या तळघरातली जागा यांमधून तार कोणी, कोणत्या भिंतीने, कोणाच्या खर्चाने न्यावी, हे कमिटीच्या बैठकीतच ठरते, आणि एन.ओ.सी. हाती येईपर्यंत पुष्कळ घरांत हायब्रिडचीच निवड होते.

जेथे ती तार पोहोचली आहे, तेथे ड्रायव्हरचा दिनक्रमही पालटला आहे. एंजिनाच्या आवाजावरून बिघाड हेरणारा, पंपावरच्या रांगेत गाडी पुढे सरकवणारा हा मनुष्य आता रात्री तळघरात उतरतो, संध्याकाळी जनावर गोठ्यात बांधावे तशी गाडी तारेला बांधतो, पडद्यावर हिरवा दिवा उमटला की नाही हे पुन्हा एकवार वाकून पाहतो, आणि मग लोकल गाठण्यासाठी सानपाड्याच्या दिशेने चालू लागतो.