निर्णय खाली, अडचण वर

मडगावकडे जाणारी गाडी पेडण्याच्या बोगद्यात शिरली की मोबाइलची रेंज जाते आणि डब्यातली बडबड घटकाभर थांबते. जेमतेम दीडेक किलोमीटरचा बोगदा, पण कोकण रेल्वेचं घोडं शेवटी इथंच अडलं होतं. माती भुसभुशीत, पाण्यानं भरलेली. जेवढं खणावं तेवढं पुन्हा आत ढासळायचं. सगळा मार्ग खुला व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. ठरल्यापेक्षा उशीरच झाला.

कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन म्हटलं की ‘वेळेआधी काम’ एवढंच सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. पेडण्यानं ती गोष्ट जरा जमिनीवर आणली. मला त्यांच्याकडून उचलावीशी वाटते ती सवय वेगळीच आहे.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची वाट, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. हे सगळं एका टेबलावरून हाकणं अशक्य होतं. श्रीधरन यांनी मार्गाचे सात भाग पाडले: महाड, रत्नागिरीचे उत्तर-दक्षिण असे दोन, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येकाला एक मुख्य अभियंता, आणि साधारण शंभर किलोमीटरचा तुकडा त्याच्या हवाली. ज्याचे बूट चिखलात, त्याच्याच हातात सही. पावसाळ्याआधी भराव उरकायचा असताना फाइल मुंबईला जाऊन परत येईपर्यंत मृग सुरू होतो, हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या माहितीतल्या एका कचेरीत दोन लॅपटॉप घ्यायला पाच सह्या लागतात. पाचवी सही करणाऱ्यानं ते लॅपटॉप कशाला हवेत हे कधी विचारलेलं नाही. याला तिथं ‘नियंत्रण’ म्हणतात.

सही खाली दिली म्हणजे साहेब मोकळा झाला, असं मात्र नाही. पुढे दिल्ली मेट्रो उभारताना श्रीधरन यांनी उलटी चालणारी घड्याळं लावली. अमुक काम संपायला किती दिवस उरले, तो आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दर सोमवारी विभागप्रमुखांची बैठक. पण नुसत्या घड्याळाचा धाकच बसतो, आणि धाकानं माणसं ‘होतंय साहेब’ म्हणायला शिकतात. म्हणून पाच-सात जणांची टीम सांभाळतानाही मी बैठकीत ‘किती झालं?’ हा प्रश्न मागे ठेवतो. आधी ‘कुठं अडलंय?’ विचारतो. पहिल्या दोन आठवड्यांत सगळे गप्प बसतात. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी तोंड उघडतं, आणि त्या क्षणी आपला चेहरा कसा होतो यावर पुढचं सगळं ठरतं.

१२ जुलै २००९ ला दक्षिण दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोचा बांधकामातला पूल कोसळला. सहा माणसं गेली. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि ते कामावर परतले. राजीनाम्यानं गेलेला जीव परत येत नाही, आणि परत घेतलेल्या राजीनाम्याला नाटक म्हणणारेही असतील. मी त्या दिवसाकडे एखाद्या साइटवरच्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागेवरून बघतो. उद्या त्याला खांबावर केसाएवढी चीर दिसली, तर ती दडपायची की वर फोन लावायचा? आपला साहेब कुणावर बोट दाखवत नाही, हे त्यानं नुकतंच टीव्हीवर पाहिलेलं असतं.