शिंपल्याचे कासव

आपल्या सातारा-सांगली भागात समुद्र नाही. पण महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णामाई आहे. कराडला तिला कोयना मिळते. तिच्या काठी खडे, वाळू आणि शिंपले सापडतात. मी त्यांचे कासव करतो.

कृती : बेंदराला आपण बैल करतो, तसली चिकणमाती मळावी. गोळा करून त्यावर शिंपला पालथा दाबावा. ही झाली पाठ. चार चपटे खडे म्हणजे पाय. एक गोल खडा म्हणजे डोके. कासव सावलीत वाळवावे, उन्हात तडे जातात. माती वाळताना आकसते. शिंपला सुटला तर डिंकाने चिकटवावा.

पहिल्यांदा मी मिटलेला शिंपला आणला. दोन दिवसांनी दप्तराला घाण वास सुटला. आजी म्हणाली, "आरं, त्यात जीव हुता की!" मला लई वाईट वाटले. गुरुजींनी सांगितले, तो जीव पाणी गाळून त्यातले अन्न खातो. त्यामुळे पाणी स्वच्छ व्हायला मदत होते. तेव्हापासून मी काठावरचे उघडे, रिकामेच शिंपले घेतो. मिटलेला दिसला की पाण्यात सोडतो.

तुम्ही पण कासव करून पाहा. मात्र नदीवर मोठ्या माणसाबरोबरच जा.

– इयत्ता ४ थी