शेततळ्याचं पाणी हिरवं झालं तर

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा शेततळ्यावर गेलं की पाण्यावर हिरवी साय दिसते. ठिबकची तोंडं बुजतात. जनावरं पाण्यावर न्यावीत की नाही, हा प्रश्न पडतो. गटाने सोडलेले मासे एखाद्या पहाटे पोट वर करून तरंगताना दिसतात. मग कुणीतरी सांगतं, "मोरचूद टाका, दोन दिवसांत पाणी साफ." बायांनो, मोरचुदाची पुडी उघडण्याआधी हे शेवाळ कोणतं आहे, ते ओळखायला शिकू या.

ओळखायला एक काठी पुरते. ती पाण्यात फिरवून वर काढा. काठीला केसांसारखे हिरवे धागे लोंबले, तर ते धाग्याचं शेवाळ. ते विषारी नसतं, पण पाइप आणि गाळणी बुजवतं. काठीला रंग लावल्यासारखा हिरवा थर चढला, तर सावध व्हा. ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. आणखी पडताळायचं तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावा आणि रात्रभर न हलवता सावलीत ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगला तर धोका समजा. तळाशी बसला तर बहुधा साधं शेवाळ. हा घरचा अंदाज झाला, पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते.

निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात. त्याने जनावराचं यकृत बिघडतं, काही विषांनी तर काही तासांत जनावर दगावतं. हे पाणी उकळूनही विष जात नाही. म्हणून संशय आला की गुरं-शेळ्या दुसऱ्या पाण्यावर न्या, लेकरांना तळ्यात उतरू देऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता मासे का मरतात ते बघा. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच ओढून घेतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर त्यांचा जीव घुसमटतोय. लगेच पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पडू द्या, शक्य असेल तर ताजं पाणी सोडा आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवा.

मोरचुदाचा धोकाही इथेच आहे. सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवतं. निळं-हिरवं शेवाळ मेलं की त्याच्या पोटातलं विष पाण्यात उतरतं. शिवाय मोरचूद माशांनाही मारतं. ३० बाय ३० मीटरच्या आणि ३ मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. एवढ्या पाण्याला मूठभर की पोतंभर, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

मग करायचं काय? शेवाळाला जगायला ऊन आणि खत लागतं. ऊन आपल्या हातात नाही, खत आहे. एक किलो फॉस्फरसवर पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ वाढू शकतं. हे खत येतं कुठून? केळी-कपाशीला टाकलेल्या युरिया-डीएपीचं पाणी पावसात वाहून येतं. काठावरच्या उकिरड्याचा, शेणाचा निचरा येतो. कपडे-भांडी धुतल्याचा साबण येतो. माशांना जास्त टाकलेलं खाद्य तळाशी कुजतं. म्हणून तळ्याभोवती बांध घाला, काठावर गवत राखा, उकिरडा उताराच्या खाली हलवा, धुणं लांब धुवा. खाद्य मासे थोड्या वेळात संपवतील एवढंच टाका.

धाग्याचं शेवाळ दाताळ्याने ओढून काढा. ते काठावर टाकू नका, त्याचा रस परत तळ्यात उतरतो. लांब नेऊन कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, चांगलं खत होतं. ठिबकची गाळणी नियमित धुवा आणि नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडा. पिण्याच्या टाकीला अंधार मिळेल असं झाकण बसवा, तिथे शेवाळ धरणार नाही.

एक लक्षात ठेवा, हलकं हिरवं पाणी वाईट नाही. चंदेरा मासा त्यावरच वाढतो. किती हिरवं चालेल, ते पांढरी थाळी सांगते. १८६५ मध्ये सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने समुद्रात अशीच पांढरी तबकडी सोडून पाण्याचा स्वच्छपणा मोजला होता. आपणही थाळीला वजन बांधून दोरीने सोडू. थाळी वीतभर ते हातभर खोलीत दिसेनाशी झाली, तर माशांसाठी पाणी बरं आहे. वितीच्या आतच गडप झाली तर खाद्य आणि खत थांबवा.

गटाच्या पुढच्या बैठकीला थाळी आणि दोरी घेऊन तळ्यावरच बसा. दर आठवड्याला दिसलेली खोली वहीत लिहा. अडलं तर जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल इथे, तसंच धुळ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. वही घेऊनच तिथे जा. वहीतले आकडे पाहिले की सल्ला देणाऱ्यालाही तुमचं तळं कळेल.