बंदी कुणाला अडवते?

व्हीएलसी हा व्हिडिओ पाहण्याचा फुकट प्लेअर बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. २०२२ साली त्याचं मूळ संकेतस्थळ भारतात अनेक कंपन्यांच्या इंटरनेटवर उघडेनासं झालं. ॲप मात्र प्ले स्टोअरवर मिळतच होतं. प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनला कारण कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी कायदेशीर नोटीस पाठवली, तेव्हा कुठे नोव्हेंबरात बंदी उठली. आपल्याकडची संकेतस्थळांवरची बंदी चुकवायला सोपी आणि आव्हान द्यायला अवघड आहे. खरं तर हे उलट असायला हवं.

आपण संकेतस्थळाचं नाव टाकलं की संगणक आधी डीएनएसला त्याचा आकडी पत्ता विचारतो. हा डीएनएस बहुधा इंटरनेट कंपनीचाच असतो, त्यामुळे तिने खोटं उत्तर दिलं की झाली बंदी. सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस लावला की हा अडसर अनेकदा तिथेच संपतो. म्हणून काही कंपन्या जोडणीवरच नजर ठेवतात. एचटीटीपीएसमध्ये मजकूर कुलूपबंद असला तरी संकेतस्थळाचं नाव सुरुवातीला बहुधा उघडंच जातं, बंद पाकिटावरच्या पत्त्यासारखं. ते वाचून जोडणी तोडली जाते. त्यावर उतारा व्हीपीएनचा, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत जाणाऱ्या कुलूपबंद जोडणीचा. इंटरनेट कंपनीला फक्त व्हीपीएनच्या सर्व्हरशी चाललेली देवाणघेवाण दिसते, पुढचं नाही. २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हरच हलवले आणि सेवा बाहेरून चालू ठेवली. अडकतो तो यातलं काही माहीत नसलेला माणूस.

मग बंदी नकोच का? बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं किंवा फसवणुकीची संकेतस्थळं मोकळी सोडा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही, आणि जाता जाता तिथे पोचणारे अडले तरी बंदीचा उपयोग झालाच. बंद केलेल्या संकेतस्थळांची यादी जाहीर केली तर तीच जाहिरात ठरेल, ही शंकाही रास्त आहे. पण सगळी यादी चव्हाट्यावर मांडा, अशी मागणीच नाही. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला अशा बंदीचा अधिकार देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ वैध ठरवलं, ते कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं, म्हणून. याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम मात्र तक्रार आणि कारवाई दोन्ही गुप्त ठेवायला सांगतो. जो आदेश हाती पडत नाही, त्याला आव्हान द्यायचं कसं? ज्याचं संकेतस्थळ बंद केलं, त्याला तरी आदेशाची प्रत आणि कारण सरकारने दिलंच पाहिजे.