आजोबांच्या जबान्या

अमेरिकेत 11 नोव्हेंबर हा दिवस 1954 पासून सर्व माजी सैनिकांच्या गौरवाचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि त्या निमित्ताने गावोगावच्या शाळा परिसरातील वृद्ध सैनिकांना सन्मानाने पाचारण करीत आल्या आहेत. या सत्कारामागील भाव निर्मळ आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु सत्कारमूर्तीस प्रश्न विचारण्याची रीत कोठेच नसते, आणि त्यामुळे छातीवर पदके लावून आलेला मनुष्य, त्या पदकांमागे काय घडले हे मनातच ठेवून घरी परतत असे. हे मौन शाळकरी मुलांच्या प्रश्नांनी कसे मोडले याचा मागोवा घेऊ लागले असता, न्यूयॉर्क राज्यातील हडसन फॉल्स या लहानशा गावापाशी मन थबकते.

तेथील शाळेतील इतिहासाचे शिक्षक मॅथ्यू रोझेल यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्याच आजोबांच्या व शेजाऱ्यांच्या जबान्या नोंदविण्यास प्रवृत्त केले. 2001 च्या उन्हाळ्यात ते स्वतः एका विद्यार्थ्याच्या आजोबांना भेटले. कॅरल वॉल्श हे निवृत्त न्यायाधीश, युद्धकाळी 743 व्या रणगाडा पलटणीत होते. दोन तासांचे संभाषण संपत आले असता त्यांच्या कन्येने आठवण करून दिली, की त्या आगगाडीची हकिकत सांगायची राहिलीच.

ती हकिकत अशी, की 13 एप्रिल 1945 रोजी जर्मनीतील माग्देबुर्ग शहराच्या उत्तरेस, फार्सलेबन या खेड्याजवळ वॉल्श आणि त्यांचे सहकारी जॉर्ज ग्रॉस यांचे दोन रणगाडे पोहोचले तेव्हा, बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीतून निघालेली आणि सुमारे अडीच हजार ज्यू बंदिवानांनी भरलेली एक गाडी तेथे रुळांवर उभी होती. वॉल्श पुढील लढाईस रवाना झाले. ग्रॉस रात्रभर गाडीजवळ पहाऱ्यास थांबले. ग्रॉस यांनी जपून ठेवलेली छायाचित्रे रोझेल यांनी शाळेच्या संकेतस्थळावर वॉल्श यांच्या जबानीसोबत ठेवली, आणि चार वर्षे लोटल्यावर ऑस्ट्रेलियातून एका आजीबाईंचे पत्र आले: त्या गाडीत त्या सात वर्षांची मुलगी म्हणून होत्या. मग एकामागून एक माणसे रुजू होत गेली. 2007 मध्ये हडसन फॉल्सच्या शाळेत मुक्त करणारे आणि मुक्त झालेले प्रथमच समोरासमोर आले, आणि त्या बंदिवानांस सुरक्षित स्थळी हलविण्याच्या कामी तैनात असलेले फ्रँक टॉवर्स यांच्या साह्याने हयात प्रवाशांचा शोध पुढे अडीचशेच्याही वर गेला. आभार मानू पाहणाऱ्यांना वॉल्श निक्षून सांगत, की तुमच्यावर आमचे कोणतेही ऋण नाही. जगच तुमचे ऋणी आहे. हे वाक्य पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी प्रत्यक्ष ऐकावे, याहून मोठे शिक्षण मला सुचत नाही.

याच गाडीच्या चार दिवस आधी, 9 एप्रिल 1945 रोजी, इटलीत सेनिओ नदीच्या काठी मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणले, आणि मग शत्रूच्या मशिनगन एकट्याने निकामी करून बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; 1984 पर्यंत ते हयात होते. आपल्या शाळा अशा माणसांच्या हस्ते ध्वजारोहण करवितात, शाल-श्रीफळ देतात. परंतु त्यांच्यासमोर वही उघडून बसलेला विद्यार्थी विरळाच, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

अमेरिकेने हे काम 2000 साली कायद्याने राष्ट्रीय दप्तरी आणले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट' या उपक्रमात दहावी व त्यापुढील विद्यार्थीही जबानी घेऊ शकतात. ती किमान तीस मिनिटांची आणि काटछाट न केलेली असावी, एवढीच मुख्य अट. मुलांना पुरविलेले नमुना-प्रश्न मोठे शहाणपणाचे आहेत: जेवण कसे असे, घरी पत्रे कशी जात, दैव अनुकूल राहावे म्हणून जवळ काही बाळगीत होता काय. शौर्याविषयी विचारले तर जो संकोचतो, तो जेवणाविषयी विचारले असता बोलू लागतो, आणि बोलता बोलता मृत सोबत्यापर्यंत येऊन पोहोचतो. अशा लाखाहून अधिक सैनिकांच्या आठवणी तेथे जमा झाल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या सुमारे 1 कोटी 60 लाखांपैकी आता लाखभरही उरलेले नाहीत. मुलांच्या समोर आज व्हिएतनामहून परतलेले, ज्यांचे स्वागत कोणी केले नव्हते असे, सत्तरी उलटलेले गृहस्थ बसतात. इराक व अफगाणिस्तानातून आलेल्या, अजून चाळिशीच्या आसपास असलेल्या स्त्रियाही बसतात. त्या युद्धांविषयी देशाचे एकमत नाही, आणि म्हणून मुलांचे प्रश्नही पूर्वीपेक्षा अवघड झाले आहेत.