मुठीतला शब्द
गोव्याच्या इतिहासात तिसवाडी (१५१०), बारदेश आणि साष्टी (१५४३) या ‘जुन्या काबिजादी’. अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेलेले फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे वगैरे महाल म्हणजे ‘नव्या काबिजादी’. पोर्तुगीज ‘कोंकिश्ता’ला मराठीने दिलेला हा प्रतिशब्द. ‘काबीज’चं मूळ अरबी, धातूचा अर्थ मुठीत पकडणं. कब्जा त्याच घरचा, आणि हिंदीतलं ‘कब्ज’, म्हणजे बद्धकोष्ठही! कोंकिश्ताचं लॅटिन मूळ मात्र साळसूद: ‘क्वेरेरे’, म्हणजे शोधणं. प्रश्नाला इंग्रजीत ‘क्वेश्चन’ म्हणतात, तोही याच धातूतून आला. शोधता शोधता मिळवणं, मग बळाने मिळवणं, असा अर्थ सरकत गेला. आपला शब्द निदान मूठ लपवत नाही.