सिगारेटचा फिल्टर काय अडवितो?

ओढून टाकलेल्या सिगारेटचे थोटूक तुम्ही रस्त्यावर पाहिले असेल. त्यात कापसासारखा दिसणारा बोळा असतो. तो फिल्टर. पण तो कापूस नव्हे. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून सेल्युलोज ॲसिटेट बनवितात आणि त्याचे केसाहून बारीक असे हजारो तंतू काढतात. त्यांवर ट्रायॲसिटिन नावाचा द्रव फवारला, की तंतू जागोजाग एकमेकांना चिकटतात व बोळा ताठ होतो.

हा बोळा चाळणीसारखे काम करतो काय? नाही. धुरातील बहुतेक कण एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात. तंतूंमधील फटी त्यांच्या मानाने कितीतरी मोठ्या. दाट झाडीतून धावणाऱ्या मुलांपैकी काही जण बुंध्यांवर आदळावेत, तसे काही कण तंतूंवर आदळून चिकटतात. बाकीचे आरपार जातात. ट्रायॲसिटिनमुळे फिनॉलसारखी घशाला झोंबणारी काही द्रव्ये अधिक शोषली जातात.

वायूंचे काय? त्यासाठी तंतूंत सक्रिय कोळशाची भुकटी मिसळतात. तिच्या सूक्ष्म छिद्रांत हायड्रोजन सायनाइडसारखे काही वायू अडकतात. परंतु रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड निसटतोच. चहा गाळला तरी साखर कपात उतरते, तसेच हे! धूर सौम्य लागतो, निर्विष होत नाही.

कधी कधी तर मिसळलेला पदार्थच घातक ठरतो. अमेरिकेत १९५२ साली लोरिलार्ड कंपनीने 'केंट' सिगारेट बाजारात आणली. तिच्या फिल्टरमध्ये निळे ॲस्बेस्टॉस होते. त्याचे तंतू अतिशय बारीक, म्हणून कण अडविण्यात तरबेज. आरोग्याचे रक्षण करणारा फिल्टर अशी त्याची जाहिरात झाली. पण हे तंतू फुप्फुसात रुतले, तर कर्करोग होऊ शकतो. पुढे झालेल्या प्रयोगांत दिसून आले, की ते झुरक्याबरोबर बाहेर पडत. १९५६ मध्ये त्यांचा वापर थांबला. हे फिल्टर बनविणाऱ्या कारखान्यात १९५३ साली काम केलेल्या ३३ कामगारांची पाहणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण ८ मृत्यू अपेक्षित असताना त्यांतील २८ जण दगावले होते.

शिवाय फिल्टरमुळे धूर सौम्य लागला, की माणूस नकळत अधिक खोल झुरके घेतो. मग फिल्टरने वाचविले ते काय? धूर गाळत बसण्यापेक्षा तो छातीत न घेणे हाच खरा उपाय.